मागे नेण्याची विद्या

मनुष्याने हस्तगत केलेल्या विद्यांपैकी काहींना समाजात मान असतो, काहींना नुसता मोबदला असतो. आणि काही अशा असतात की त्या चालू असताना लोक मागून हॉर्न वाजवितात. कंटेनरचा ट्रेलर अरुंद जागेत मागे घेऊन लावणे ही ह्या तिसऱ्या वर्गातली विद्या होय. वसईच्या पूर्वेस, महामार्गालगतच्या औद्योगिक वसाहतींच्या शेजारी आमच्या सेवेची काही वर्षे गेली. तेथे ही विद्या आम्हांस जवळजवळ रोज पाहावयास मिळे.

हे ट्रेलर जी पेटी वाहतात तिचा इतिहास फार जुना नाही. 26 एप्रिल 1956 रोजी अमेरिकेतील नेवार्क बंदरातून 'आयडियल एक्स' नावाचे जहाज अशा 58 पेट्या घेऊन ह्यूस्टनकडे निघाले. माल पुनःपुन्हा चढविण्या-उतरविण्याऐवजी अख्खी पेटीच वाहनावरून जहाजावर उचलून ठेवावी, ही त्यामागची कल्पना माल्कम मॅक्लीन ह्यांची. आणि ते मुळात ट्रकवाहतूकदार होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. 1989 साली न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, आणि आपल्या भागातील रस्त्यांवर ह्या पेट्यांची वर्दळ वाढली. मोठी पेटी 40 फूट लांब व 8 फूट रुंद. शिवाय तिला ओढणारा पुढचा इंजिनाचा भाग वेगळा. चालक मंडळी त्याला 'घोडा' म्हणतात. बंदर ह्या पेट्यांच्या मापाने बांधले गेले. आमच्या गल्ल्या मात्र बैलगाडीच्या मापाच्याच राहिल्या.

एका वर्षी धर्मग्रामातील काही पालक आमच्याकडे अर्ज घेऊन आले. आपली मुले ज्या गल्लीतून शाळेत जातात तेथे ट्रेलरना कायमची बंदी असावी, अशी त्यात मागणी होती. त्यांची भीती रास्त होती. मागे येणाऱ्या ट्रेलरच्या पाठीशी उभे असलेले मूल चालकाला कोणत्याही आरशात दिसत नाही. तथापि ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची त्याचे काम आधी नीट पाहावे, असे आम्हांस वाटले. दोन दिवसांनी सही करू, असे सांगून आम्ही अर्ज ठेवून घेतला.

दुसऱ्याच दिवशी गल्लीच्या टोकाच्या गाळ्यात माल उतरविण्यास एक ट्रेलर आला. चालक वयाने आमच्याच बरोबरीचा, बीड जिल्ह्यातला. तरुणपणी साखर कारखान्याच्या उसाच्या ट्रॉलीवर हात बसला, मग बंदराच्या कामाला लागलो, असे त्याने सांगितले. आमच्या प्रश्नांचे त्यास आश्चर्य वाटले असावे. पण गाळेवाल्याचे हमाल जेवावयास गेलेले असल्याने त्याच्यापाशी वेळ होता.

"फादर, पुढं जाताना ट्रेलर आपल्या मागं येतो. मागं जाताना आपण त्याच्या मागं जायचं," तो म्हणाला.

सेमिनरीत आम्हांस तर्कशास्त्र शिकविले गेले. पण ह्या वाक्याचा उलगडा होण्यास थोडा अवधी लागला. घोडा आणि ट्रेलर हे एका जाड पोलादी खिळीने जोडलेले असतात व त्या खिळीभोवती फिरतात. पुढे जाताना घोडा ओढतो, म्हणून ट्रेलर आपोआप त्याच्या रेषेत येतो. मागे जाताना घोडा ढकलतो. तळहातावर उभी धरलेली काठी जशी कोणत्या ना कोणत्या बाजूस कलू पाहते, तसा मग ट्रेलर कलू पाहतो. शिवाय दिशाही उलटते. स्टेअरिंग डावीकडे फिरविले की घोड्याचा मागचा भाग डावीकडे सरकतो, आणि ट्रेलरचे शेपूट उजवीकडे जाते. म्हणून ट्रेलर उजवीकडे न्यावयाचा तर आरंभी स्टेअरिंग डावीकडे. तो हवा तेवढा वळू लागला की स्टेअरिंग उजवीकडे फिरवून घोड्याने त्याच्या मागोमाग जावयाचे. आणि शेवटी दोघांनी एका रेषेत यावयाचे. ही दुसरी क्रिया करण्यास क्षणभर उशीर झाला तर घोडा व ट्रेलर अडकित्त्यासारखे मिटू लागतात. तेव्हा मागे जाण्याचा हट्ट सोडून गाडी पुढे घ्यावी लागते, कोन उघडावा लागतो व पुन्हा आरंभ करावा लागतो.

नवख्यांसाठी त्याने एक युक्ती सांगितली. स्टेअरिंग वरून न धरता अगदी तळाशी धरावे. मग हात ज्या बाजूस न्याल त्याच बाजूस ट्रेलरचे शेपूट जाते, डोक्यात उलटा हिशेब करावा लागत नाही. लांब ट्रेलर सावकाश वळतो, आखूड ट्रेलर चटकन वळतो व चटकन बिघडतो, हेही त्याच्याकडूनच कळले. आपल्या देशात चालक उजव्या बाजूस बसतो. तेव्हा उजवीकडे वळत मागे जाताना ट्रेलरची बाजू व मागची चाके त्यास दिसत राहतात. डावीकडे वळावयाचे झाले की हे सारे दृष्टीआड होते. आमच्या गल्लीतला गाळा नेमका डाव्या हाताला होता.

जेवणे आटोपून हमाल परतले आणि काम सुरू झाले. चालक प्रथम खाली उतरला. गाळ्याचे तोंड, गटाराचे झाकण, वरून गेलेली तार, समोरच्या घराचा ओटा हे सर्व पायी फिरून पाहिले. क्लीनर मागे उभा राहिला. "येऊ द्या, येऊ द्या" असा त्याचा आवाज, आणि मध्येच पत्र्यावर हाताची थाप; थाप पडली की गाडी जागीच थांबे. चार वेळा गाडी पुढे आली, दोनदा चालक पुन्हा उतरून पाहून गेला. तिसऱ्या खेपेस एक स्कूटरस्वार क्लीनरच्या पाठीमागून, ट्रेलर आणि भिंत ह्यांच्यामधून निघून गेला. क्लीनरची थाप पडली नसती तर काय झाले असते, हे लिहिण्याची गरज नाही. रस्त्यात मात्र लोक चालकालाच बोल लावीत होते.

दोन दिवसांनी पालक आले तेव्हा आम्ही त्यांना हे सर्व सांगितले. ह्या गाळ्यांत आपल्याच धर्मग्रामातील कित्येकांची मुले-मुली कामाला जातात. बंदी घातली तर माल कोठून येणार, हाही प्रश्न निघाला. चर्चा बरीच वेळ चालली व ती सर्वस्वी गोड नव्हती. एक माता म्हणाली, "फादर, ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी माझं मूल त्याला दिसत नाही." ह्याला उत्तर नव्हते. अखेरीस अर्ज नव्याने लिहिला गेला. शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी गल्लीत ट्रेलर येऊ नये. एरवी आल्यास गाळेवाल्याने आपला एक माणूस गल्लीच्या तोंडाशी उभा करावा. त्यावर आम्ही सही केली. गाळेवाल्यांनी कुरकुर करीत का होईना, ते मान्य केले.

वाचकहो, आज अनेक गाड्यांच्या मागे कॅमेरे बसले आहेत; तरी गल्लीचे माप बदललेले नाही. म्हणून एक विनंती. ट्रेलर मागे येत असेल तेथे पाच मिनिटे थांबावे. मुलांचा हात धरावा. चालकाच्या आरशात आपल्याला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर आपणही त्यास दिसत नाही, हे मुलांना घरी शिकवावे. गाडी पुढे घेऊन पुन्हा मागे नेणाऱ्यास अनाडी समजू नये. जो पुढे घेत नाही त्याचीच भीती बाळगावी. आणि काम उरकून तो गाडीतून उतरला तर त्यास पाणी विचारावे. बंदरातून पहाटे निघालेला तो मनुष्य आपल्या दाराशी येईपर्यंत कोणी विचारलेले असेलच असे नाही.