मितान

आमच्या घरात माझ्या भावाला सगळे बाळ म्हणतात. तो 42 वर्षांचा आहे. कानशिलं पांढरी झाली आहेत, जिना चढताना उजवा गुडघा हातानं धरतो, पण रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत दूधवाल्यापासून औषधांच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांचा तो बाळच. आईनं ही हाक पहिल्यांदा मारली तेव्हा तिच्यात नुसता लाड होता. पुढं केव्हातरी लाड ओसरला आणि हाक तशीच राहिली, माळ्यावर टाकून दिलेल्या पाळण्यासारखी. बाळला काय कळतंय, बाळचं जेवण झालं का, बाळला विचारून काय करायचंय. तो समोर बसलेला असायचा आणि आम्ही त्याच्याविषयी असं बोलायचो, जणू तो परगावी गेलाय.

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात मी तांदूळ निवडत बसले होते. तो येऊन समोर उभा राहिला.

"ताई, मला बाळ म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू रे?"

तो विचार करू लागला. त्याचा विचार म्हणजे खोल विहिरीत सोडलेला पोहरा. दोर सरकत राहतो, पाण्याला टेकल्याचा आवाज फार उशिरा येतो. इतकी वर्षं मी मध्येच दोर ओढून घ्यायची आणि रिकामा पोहरा बघून म्हणायची, याला सांगता येत नाही. त्या दिवशी मी हात आवरला. ताटातले तांदूळ निवडून संपले, तेव्हा तो म्हणाला, "माझं नाव आहे ना. दाखल्यावर लिहिलंय ते."

हे त्याला आम्ही शिकवलं नव्हतं. हे तो रविवारी शिकून आला होता.

रविवारी संध्याकाळी बूढा तालाबच्या काठावर सात-आठ जण जमतात. तळ्याचं सरकारी नाव विवेकानंद सरोवर. 1877 मध्ये किशोरवयीन नरेंद्र घरच्यांबरोबर रायपूरला आला आणि दोनेक वर्षं इथं राहिला, म्हणून पाण्याच्या मधोमध त्याचा थोरला पुतळा आहे. तरी रायपूरच्या तोंडात अजून बूढा तालाबच. एकदा जिभेवर बसलेलं नाव सुटत नाही, हे मला त्या काठावर बसून चांगलं कळतं.

जमणाऱ्यांपैकी कुणाला डाउन सिंड्रोम आहे, कुणी स्वमग्न आहे, कुणाला 'हळू शिकतो' एवढंच सांगून शाळेनं चौथीत घरी बसवलेलं. सगळे पंचविशीच्या पुढचे. पाटी नाही, नोंदणी नाही, वर्गणी चहापुरती. नियम एकच: आईवडील आणि भाऊबहिणींनी लांबच्या बाकावर बसायचं आणि बोलावल्याशिवाय उठायचं नाही. पहिले काही रविवार मला फार जड गेले. भावाच्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात अडकलेलं दिसायचं आणि माझे हात शिवशिवायचे. शेवटी कुणीतरी त्यांच्यातलंच बोट दाखवायचं, तो खाली बघायचा, बटण काढून पुन्हा लावायचा. पाच मिनिटं लागायची. काहीही बिघडायचं नाही.

ते काय बोलतात ते बाकावरून तुटक ऐकू येतं. एक जण दुकानात खोकी भरायला जातो, त्याचा पगार मालक त्याच्या काकांच्या हातात देतो. यावर चार रविवार चर्चा झाली. मग सगळ्यांनी मिळून एक वाक्य बसवलं, "माझा पगार माझ्या हातात द्या," आणि ते एकमेकांसमोर उभं राहून म्हणून बघितलं. अशी त्यांनी बसवलेली वाक्यं बरीच आहेत. "परत सांगा." "मला वेळ लागतो, थांबा." "नाही." यातलं शेवटचं म्हणायला सगळ्यांत अवघड. आयुष्यभर शहाणं बाळ म्हणून ज्याची पाठ थोपटली, त्याच्या तोंडून नाही यायला फार बळ लागतं.

तिथंच माझ्या भावाला त्याचा मित्र भेटला. तिशीतला, उंच, सडपातळ, कानांवर जाड हेडफोन. मराठीनं ऑटिझमला स्वमग्नता हा शब्द दिला. शब्द देखणा आहे, पण या मुलाकडे बघून (बघा, मीही तिशीतल्या माणसाला मुलगा म्हणाले) तो मला अपुरा वाटतो. हा स्वतःत बुडालेला नाही. जग त्याच्या दारात पुरासारखं येतं: ट्यूबलाइटची गुणगुण, कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, शेजारच्या बाकावरच्या बाईंच्या अत्तराचा वास, सगळं एकाच वेळी आणि एकाच जोरानं. तो दार लोटून घेतो, एवढंच. माझ्या भावाला वाचता येत नाही, पण तो कुणाशीही बोलू शकतो. याला सगळं वाचता येतं, पण अनोळखी माणसासमोर शब्द घशात अडतो. म्हणून चहाच्या टपरीवर पाटी हा वाचतो, कानात सांगतो आणि माझा भाऊ मोठ्यानं मागणी करतो.

रायपूरला गणपती विसर्जनाच्या वेळी रात्रभर झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. माझ्या भावाला वर्षभरात या रात्रीइतकं काहीच प्रिय नाही. एका वर्षी तो आपल्या मित्रालाही घेऊन गेला. मी मागं होते. पहिली झांकी आली, डीजेचे ठोके छातीत बसू लागले आणि मित्र दोन्ही हातांनी हेडफोन दाबून जागीच उभा राहिला, डोळे घट्ट मिटून. मी पुढं होणार, तोच माझ्या भावानं त्याच्या बाहीचं टोक धरलं. हात धरला नाही, कारण मित्राला स्पर्श सोसत नाही. बाहीचं टोक धरून त्यानं त्याला गर्दीतून मागच्या गल्लीत नेलं आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं. मग स्वतः शेजारी बसला. झांक्या पहाटेपर्यंत चालल्या. तो एकदाही उठून बघायला गेला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "त्याला दुखतंय ना." मानसशास्त्राची पुस्तकं मी त्याच्यासाठी किती उघडली असतील, पण ही बाही मला कधी सुचली नसती.

छत्तीसगडात मैत्रीला विधी आहे. रथयात्रेचं गजामूंग, म्हणजे मोड आलेल्या मुगाचा प्रसाद, किंवा जगन्नाथपुरीचा महाप्रसाद, किंवा श्रावणातली भोजली एकमेकांना देऊन दोघं मितान होतात. त्यानंतर एकमेकांना नावानं हाक मारायची नाही. मितान म्हणायचं, किंवा महापरसाद, भोजली. जात आड येत नाही, दोन्ही घरं सोयरी होतात आणि नातं मरेपर्यंत टिकतं. दोन वर्षांपूर्वी रथयात्रेच्या दिवशी पुरानी बस्तीतल्या टुरी हटरीच्या जगन्नाथ मंदिराबाहेर हे दोघं हातात मूग घेऊन उभे होते. प्रसाद विकणारी म्हातारी म्हणाली, "मितान बद लेव दूनों झन." दोघांनी चार-चार दाणे एकमेकांच्या तळहातावर ठेवले. ज्याला जन्मभर बाळ याच नावानं ओळखलं, त्याला आता निदान एक माणूस मितान म्हणतो. आपलं नाव परत मागायचं धैर्य त्याला त्याच आषाढात आलं, असं मला वाटतं.

या राज्यानं 2002 मध्ये गावोगावच्या आरोग्यासाठी एक योजना सुरू केली. पाड्यातल्या लोकांनी आपल्यातलीच एक बाई निवडायची. तिचं नाव ठेवलं मितानिन. पुढं 2005 मध्ये देशभर आशा कार्यकर्त्या आल्या, त्यामागं हा अनुभव होता. आजारी माणसाला डॉक्टराआधी आपल्यातलं माणूस लागतं, हे छत्तीसगडला ठाऊक होतं. मग हळू शिकणाऱ्या मोठ्या माणसालाही तसंच माणूस लागत असेल, हे आपल्याला का सुचलं नाही? आपण शाळा काढल्या आणि चांगल्या काढल्या. मुंबईची जय वकील 1944 ची, पुण्याची कामायनी 1964 ची. पण ती मुलं पुढं मोठी झाली आणि समाजाच्या हिशेबात मुलंच राहिली.

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात 1974 मध्ये अशाच मोठ्या माणसांनी आपली सभा भरवली. आम्हाला मंदमती म्हणू नका, आम्ही आधी माणसं आहोत, असं त्यांच्यातल्या एकानं सांगितलं आणि त्यावरूनच चळवळीचं नाव पडलं 'पीपल फर्स्ट'. 1993 मध्ये जिम सिंक्लेअर या स्वमग्न लेखकानं टोरोंटोत पालकांना समजावलं की तुम्हाला हव्या असलेल्या मुलाचा शोक आमच्यावर लादू नका. त्यांची लढाईही हाकेपासूनच सुरू झाली.

आमच्या आईचा शेवटपर्यंत एकच प्रश्न होता: "माझ्यामागं याचं कसं होणार?" अशा घरातल्या प्रत्येक आईचा तोच असतो. त्यावर सगळे एक उत्तर देतात, कायदेशीर पालक नेमा. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे तसा अर्ज करता येतो. त्या तीन जणांच्या समितीत एक अपंग व्यक्ती असलीच पाहिजे, ही तरतूद मला त्या कायद्यातली सर्वांत शहाणी वाटते. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आणखी पुढं गेला. तो सांगतो की पालकत्व मर्यादित असावं: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, दोघांनी मिळून आणि त्या माणसाच्या इच्छेप्रमाणे. अर्ज माझ्या कपाटात आहे. तो भरताना 'त्याची इच्छा' हे दोन शब्द मला थांबवतात, कारण ती जाणून घ्यायला मी आत्ता कुठं शिकते आहे.

दुसऱ्याचं म्हणणं जसंच्या तसं पुढं कसं न्यायचं, हे मला माधवराव सप्र्यांवरून कळतं. ते इथले. त्यांच्या नावाची शाळा या तळ्याच्या काठीच आहे. घरात मराठी, लिहिणं हिंदीत. टिळकांचं गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेलं. टिळकांना जे म्हणायचं होतं तेच त्यांना हिंदी वाचकापर्यंत पोचवायचं होतं. माझ्या भावासारख्या माणसाचा आधार होणाऱ्यानं सप्र्यांसारखं असावं. त्याचं म्हणणं त्याच्याच अर्थानं पुढं न्यायचं, आपलं मत मध्ये मिसळायचं नाही. मी कित्येक वर्षं भावाच्या नावावर माझंच भाषण केलं.

7 मे 2024 ला लोकसभेचं मतदान होतं. 1950 च्या कायद्याप्रमाणे, न्यायालयानं तसं जाहीर केल्याशिवाय बुद्धीच्या कारणावरून कुणाचंही नाव यादीतून काढता येत नाही. माझ्या भावाचं नाव यादीत कित्येक वर्षं होतं आणि मत मात्र आम्ही सांगू त्या बटणावर पडायचं. या वेळी रविवारच्या मंडळींनी तळ्याकाठी पुठ्ठ्यावर चिन्हं चिकटवून सराव केला होता. केंद्रावर एक कर्मचारी मला म्हणाला, "इनका वोट आप ही डाल दीजिए." माझ्या भावानं पोहरा सोडला. मागची रांग कुरकुरू लागली. मग तो म्हणाला, "मी टाकणार. ताई बाहेर थांबेल." मी थांबले. आडोशामागं तो फार वेळ होता. यंत्र वाजलं, चिठ्ठी काचेत सात सेकंद दिसते ती त्यानं एकट्यानं पाहिली आणि शाईचं बोट वर धरून बाहेर आला. कुणाला दिलंस, माझ्या तोंडून गेलंच. "सांगायचं नसतं," तो म्हणाला. त्यानं ते मितानलाही सांगितलेलं नाही.

तुमच्या घरात असं कुणी मोठं माणूस असेल, ज्याला तुम्ही अजून बाळ, पिंट्या, छोटू म्हणत असाल, तर येत्या रविवारी पाच वाजता त्याला बूढा तालाबला घेऊन या, सप्रे शाळेच्या बाजूच्या काठावर. आणि तुम्ही आमच्या बाकावर येऊन बसा.