कलप आणि पाणी

मी केसांना कलप लावतो. ही कबुली छापील अक्षरांत देण्याची पाळी माझ्यावर नांदेडच्या एका पोहण्याच्या तलावाने आणली.

त्याचे असे झाले. गेल्या उन्हाळ्यात नातवाला पोहायला शिकवण्याचे काम मी अंगावर घेतले. मी स्वतः शिकलो तो लातूरकडच्या एका विहिरीत, पाठीला वाळलेला भोपळा बांधून. नातू शिकला निळ्या फरशीवरच्या स्वच्छ पाण्यात. तिसऱ्या आठवड्यात त्याला हातपाय मारता येऊ लागले आणि मी आरशात पाहतो तो काय! माझ्या डोक्याचा काळा रंग उडून तेथे वाळल्या कडब्याची तांबूस छटा आली होती.

कलपाची करामत मोठी गमतीची आहे. त्यातली मूळ द्रव्ये बिनरंगी असतात. ती केसाच्या आत शिरतात, तेथे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या संगतीने एकमेकांना बिलगतात, रंग धरतात, आणि आकाराने वाढल्यामुळे आतच अडकून पडतात. परंतु तलावात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेले असते. पाण्यात त्याचे हायपोक्लोरस आम्ल होते. ते जंतूंची गय करीत नाही, तशी रंगाचीही करीत नाही. गावच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात, तिचा गुण हाच. आमच्याबरोबर पोहणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनी आयुष्यात कलप लावला नव्हता, तरी त्यांच्या पांढऱ्या केसांवर हिरवट झाक आली. तो दोष क्लोरीनचा नव्हे, तांब्याचा. शेवाळ मारण्यासाठी मोरचूद वापरला की त्यातले तांबे फिक्या केसांना चिकटते.

या अवतारात मी लातूरला थोरल्या बहिणीकडे गेलो. एस.टी. लोहा, अहमदपूर मागे टाकीत होती आणि मी टोपी पुढे ओढीत होतो. अक्काने दारातच टोपी काढली.

"काय रे, हे डोकं कुणी भाजलं?"

मी सगळी हकीकत सांगितली. ती पोटभर हसली. मग म्हणाली, "विहिरीवर जाताना आई डोक्यावर तेल थापायची आणि आधी तांब्याभर पाणी ओतायची, ते उगीच का?" शास्त्रही हेच सांगते. साध्या पाण्याने आधीच भिजलेला केस तलावाचे पाणी कमी पितो, आणि तेल त्याला बाहेर थोपवते. बाहेर आल्याबरोबर साध्या पाण्याने केस धुतले, तर उरलेसुरले क्लोरीनही निघून जाते.

मी सहज विचारले, "पण अक्का, तू कलप कधी सोडलास?" तिचे केस पांढरेशुभ्र होते. एके काळी ती माझ्याहून नेमाने कलप लावीत असे.

"सोळा साली," ती म्हणाली.

सन 2016. मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूरवरून पहिली पाण्याची गाडी लातुरात आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. नांदेडात मी ती बातमी चहा पिता पिता वाचली होती.

"कलप धुवायला दोन बादल्या लागतात," अक्का म्हणाली. "तेवढ्यात घराचा एक दिवस निघायचा. घागरी घेऊन रांगेत उभं राहायचं आणि रात्री ते पाणी डोक्यावरून मोरीत सोडायचं? मन होईना. पाऊस आल्यावर पुन्हा लावीन म्हटलं. पाऊस आला, पण तोवर सवय झाली होती."

एवढे बोलून ती उठली आणि चहा ठेवायला गेली.

आम्हा दोघा भावंडांचा रंग पाण्यानेच उतरवला. माझा भरल्या तलावाने, तिचा रिकाम्या घागरीने. मी टोपी ओढून तोंड लपवीत आलो होतो. तिला लपवायचे काहीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने माझ्यासाठी न्हाणीत दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या. "केस धुऊन घे, क्लोरीन जाईल," ती बाहेरून म्हणाली. आता नळाला पाणी आहे, हे मला ठाऊक होते. तरीही मी एकाच बादलीत आंघोळ उरकली आणि दुसरी तशीच भरलेली ठेवून बाहेर आलो.

कलपाची नवी पुडी नांदेडच्या कपाटात पडून आहे. ती मी फोडणारच नाही, अशी प्रतिज्ञा करीत नाही. दिवाळीला अक्का यायची आहे. तोवर तरी ती फोडायला हात होत नाही.