जुन्या तंबोऱ्याचें कुलवृत्त

आमच्या नगर जिल्ह्यांत (२०२४ सालापासून त्यास अहिल्यानगर म्हणावयाचें) एखाद्या जुन्या वाड्यांत गवसणी घातलेला तंबोरा दिसला, म्हणजे यजमान हटकून सांगतात, "हा मिरजेचा, खुद्द फरीदसाहेबांच्या हातचा." तो कोणत्या गवयाच्या मागें वाजला, याचीही हकीकत ओघानें येते. पुरावा विचारला कीं मात्र, जणूं आम्हीं त्यांच्या कुळाचीच शंका घेतली, अशा मुद्रेनें ते पाहतात!

मिरजेचें नांव घेण्यास आधार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, इंग्रजी अंमलांत तलवारींचें गिऱ्हाईक उणावल्यावर, तेथील शिकलगार, म्हणजे हत्यारांस धार लावणारे कारागीर, वाद्यांकडे वळले. फरीदसाहेब हे त्यांतील आद्य मानले जातात. पुढें त्या घराण्यांचें आडनांवच सतारमेकर झालें, आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. परंतु महाराष्ट्रांतील प्रत्येक जुना तंबोरा फरीदसाहेबांचाच धरावयाचा, तर त्या बिचाऱ्यांस रात्रीची झोपही मिळाली नसावी.

खरी अडचण वाद्याच्या घडणींतच आहे. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडील मळ्यांतला, दांडी व तबली तुणीच्या लांकडाची, घोडी हाडाची किंवा शिंगाची. भोपळा तडकला कीं दुसरा बसवितात. खुंट्या झिजल्या कीं नव्या करतात. जवारी काढतां काढतां घोडी झिजून जाते. रोगण तर दर दुरुस्तीस नवें. तीन पिढ्यांनंतर मूळ कारागिराचें त्यांत काय उरतें?

आयर्लंडांत कोपराखालच्या भात्यानें वाजविण्याचें 'इलन पाइप्स' नांवाचें वाद्य आहे. डब्लिनच्या केना, कॉइन आदि कारागिरांनीं त्याच्या लांकडावर आपल्या नांवाचा शिक्का उठविला. तरीही एकाची सूरनळी दुसऱ्याच्या भात्यास जोडलेली निघतेच. म्हणून तेथील शोधक सबंध वाद्याची वंशावळ न लावतां एकेका भागाची लावतात. ही रीत आम्हांस फार पटते. आमच्याकडे शिक्का क्वचित. परंतु कोरीव पानांची ठेवण, दांडीचा जोड, भोपळ्याच्या आंतली ठिगळें, एवढेंही पाहण्याची तसदी कोणी घेत नाहीं.

आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं असाच 'फरीदसाहेबांचा' तंबोरा होता. भोपळा फुटला, तो उतरविला, आणि फेंकून देण्याच्या बेतांत असतां आंत चिकटविलेला चोपडीचा कागद दिसला. मोडी अक्षर, बरेंचसें कसरीनें खाल्लेलें. वाचतां आलें तें इतकेंच, कीं भोपळा नगरच्या एका सुतारानें बसविला आणि मजुरी पोंचली. भोपळा मिरजेचा नव्हे, एवढें ठरलें. दांडीबद्दल कागद मुकाच. घरांतील कर्त्या पुरुषांचें तोंड उतरलें. मिरजेच्या नांवानें एक गिऱ्हाईक चांगली किंमत देत होतें, आणि घरास पैशांची गरजही होती. कागद दाखवावा कीं चुलींत घालावा, यावर त्या माजघरांत बराच वेळ कुजबूज चालली. अखेर आजीबाई म्हणाल्या, "माझ्या सासूबाई यावरच गात. कागद दाखवा. घेणारा घेईल, नाहींतर राहूं दे घरीं."

गिऱ्हाइकानें कागद पाहिला आणि निम्मी किंमत सांगितली. तंबोरा घरींच राहिला. नवा भोपळा बसवितांना, तोंड बंद करण्यापूर्वीं, आम्हीं कारागिराकडून त्याचें नांव व साल एका चिठीवर लिहवून घेऊन ती आंत चिकटविली. जुना भोपळा आजीबाईंनीं शिंक्यावर ठेविला आहे.