आधी चालवून तर बघा

२०११ मधली सी भाषेची प्रॅक्टिकल आठवली की अजून जीव जळतो.

मी साताऱ्याचा. पुण्यात स्वारगेटजवळ कॉट बेसिसवर राहायचो. कॉलेजात सगळे टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर लिहायचे. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मित्राने लिनक्स टाकून दिलं, म्हणून कोड लिहायला व्हिम हाती आलं. पहिल्या दिवशी त्यातून बाहेर कसं पडायचं हेच कळेना. मग व्हिमबरोबरच येणारा व्हिमट्यूटर हा धडा शनिवारच्या साताऱ्याच्या एस्टीत गिरवला. कात्रज सोडलं की गाडीच्या हिसक्यांनी टचपॅडवर बोट ठरत नाही. पण एच, जे, के, एल या चार कळांवर बोटं ठेवली की कर्सर हवा तिथे जातो. डी-डब्ल्यू दाबलं की शब्द गेला, डी-डी दाबलं की ओळ गेली. महिन्याभरात हात बसला.

परीक्षेला लिंक्ड लिस्ट आली. लॅबमधल्या लिनक्सच्या मशीनवर व्हिममध्ये लिहिली, उत्तर बरोबर आलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नुसता कोड पाहिला.

"क्लिअर स्क्रीन कुठंय? गेट-सी-एच कुठंय?"

"सर, ते कोनिओ डॉट एचमधलं. सीच्या स्टँडर्डमध्ये ते नाही, लिनक्सच्या जीसीसी कंपायलरवर चालत नाही."

"पुस्तकात आहे ना? जर्नलमध्ये आहे ना?"

मी म्हटलं, "सर, एकदा चालवून दाखवतो." ते पुढच्या मुलाकडे गेले. त्याचा प्रोग्रॅम कंपाइलसुद्धा होत नव्हता, पण जर्नलबरहुकूम होता. त्याला पन्नासपैकी ३८, मला २१. १९८९ साली ठरलेल्या स्टँडर्डमध्ये जे नाही, ते लिहिलं नाही म्हणून! कॉलेजात दाद मागितली, "पास झालास ना?" एवढंच ऐकायला मिळालं.

त्यानंतर कित्येक वर्षं मी टर्बो सीला शिव्या घातल्या. व्हिमवर मात्र माझं पोट चाललं. १९९१ पासून ते फुकट देणारे आणि त्याबदल्यात युगांडातल्या मुलांना मदत करा म्हणणारे ब्राम मोलेनार ऑगस्ट २०२३ मध्ये गेले, तेव्हा घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं.

परवा भाचीला व्हीएस कोड टाकून दिलं. अर्धी ओळ तेच पुरी करतं, तिला फंक्शनचं नावही आठवावं लागत नाही. तेव्हा तो निळा पडदा आठवला. नावावर कर्सर ठेवून कंट्रोल-एफ-वन दाबलं की नेट नसतानाही माहिती यायची, आम्ही ती वाचायचो. टर्बो सीवर माझा राग उगाच होता.

एडिटर कुठलाही शिका, पण एकच धरा आणि हात बसेपर्यंत सोडू नका. आणि परीक्षकांना हात जोडून विनंती: गुण देण्याआधी मुलाचा प्रोग्रॅम एकदा चालवून बघा.