बेसवादकाचे साचलेपण

चार तारांच्या बेस गिटारच्या तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी अशा लावतात. लगतच्या कोणत्याही दोन तारांमधले अंतर सारखेच, म्हणजे सा आणि शुद्ध म यांच्याइतके असते. त्यामुळे बोटांची एका जागी बसलेली ठेवण फ्रेटबोर्डवर कुठेही सरकवता येते. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर सा धरला, तर शेजारच्या तारेवर पाचव्या फ्रेटला प आणि त्याच्या पुढच्या तारेवर पाचव्याच फ्रेटला वरचा सा मिळतो. एवढ्या तीन स्वरांवर असंख्य गाण्यांची साथ निभावते. शिक्षकाविना शिकणारा या सोयीमुळे सुरुवातीला झपाट्याने पुढे जातो आणि त्याच सोयीमुळे पुढे वर्षानुवर्षे अडकून राहतो. गाणे बदलले, पट्टी बदलली, तरी हात आपल्या ओळखीच्याच वाटेने जातो. कानाला विचारतच नाही.

हे साचलेपण पुष्कळांना वेगाची उणीव वाटते. मग बोटे पळवण्याचा रियाज सुरू होतो, नाहीतर नवे पेडल घरात येते. पेडलने आवाज बदलतो, वाजवणे तेच राहते. वेगाचे म्हणाल तर डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या ध्वनिमुद्रिकांसाठी १९६०च्या दशकात वाजवणारे जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एका तर्जनीवरच भागवत. त्यांची साथ सजीव वाटते ती स्वरांच्या निवडीमुळे: कॉर्डच्या एका स्वराकडून दुसऱ्याकडे जाताना मधले कोमल-तीव्र स्वर हलकेच घ्यायचे आणि ठोका नेमका चुकवून पुन्हा पकडायचा.

कान जागा करण्याचा जुना उपाय म्हणजे आधी गाणे, मग वाजवणे. दोन आवर्तनांची ओळ गुणगुणून घ्यावी आणि ती एकाच तारेवर शोधावी. एका तारेवर सरावाची ठेवण लागूच होत नाही, त्यामुळे प्रत्येक स्वर ऐकून हुडकावा लागतो. काम कंटाळवाणे आहे, पण गुण येतो. दुसऱ्या वाद्याची चीज उचलणे ही याच्या पुढची पायरी. जॅको पास्टोरियस यांच्या १९७६च्या पहिल्या अल्बमची सुरुवातच ‘डोना ली’ या बीबॉप रचनेने होते. सॅक्सोफोनवर रुळलेली ती धावती चाल त्यांनी फ्रेट नसलेल्या बेसवर, फक्त काँगांच्या साथीने वाजवली. नाट्यसंगीत ऐकत वाढलेल्या मराठी वादकाला इतके लांब जायची गरज नाही; ऑर्गनवर ऐकलेली एखादी जागा बेसवर काढून पाहिली तरी ओळखीची ठेवण मोडते.

स्वरांइतकेच दुर्लक्ष लयीकडे होते. ८०च्या लयीचे गाणे असेल तर मेट्रोनोम ४०वर ठेवावा आणि त्याची टिकटिक दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर येते असे धरून वाजवावे. पहिली आणि तिसरी मात्रा आता स्वतःच सांभाळावी लागते. प्रत्येक ठोक्याला आधार घेण्याची सवय असलेला वादक पहिल्याच मिनिटात घसरतो. एवढे साधले की स्वराच्या लांबीकडे वळावे. डाव्या हाताचे बोट तारेवरून न उचलता फक्त दाब सैल केला की स्वर तुटतो. तो बास ड्रमच्या ठोक्याबरोबर तोडायचा की स्नेअर वाजेपर्यंत धरायचा, यावर गाण्याचा सगळा डौल अवलंबून असतो. घरी एकट्याने शिकणाऱ्याला हे बहुधा कोणी सांगितलेले नसते. स्वतःचे वाजवणे मोबाइलवर टिपून ऐकले की ते लगेच कळते, आणि क्वचितच सुखावते.

अडचणीतूनही वाट निघते. लॅरी ग्रॅहम आईच्या बँडमध्ये ड्रमशिवाय वाजवत असताना अंगठ्याने तार ठोकून आणि बोटाने ओढून ड्रमची उणीव भरून काढू लागले. त्यातूनच स्लॅप नावाची शैली रुजली. गरज तालाची होती, आणि ती दुसऱ्याबरोबर वाजवतानाच कळली. एकट्याने शिकणाऱ्याने म्हणून आठवड्यातून एकदा तरी ड्रमवाल्याबरोबर बसावे. तो न मिळाल्यास ढोलकी वाजवणारा शेजारीही चालेल.