तो जेवला!

रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या त्या घरात तीन दिवस एकच काळजी होती. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊनफिश दाणा तोंडात घ्यायचा आणि थुंकून टाकायचा. चौथ्या दिवशी नातीनेही स्वतःचे ताट बाजूला सारले, तेव्हा आजोबा हबकले.

"अहो, ओव्याचं पाणी घालायचं का?" आजींनी विचारले. (तेवढे केले नाही, हे माशाचे नशीब!)

मुंबईच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, औषध नको. आधी पाणी तपासा."

महिनाभर कपाटात पडलेला हायड्रोमीटर निघाला. समुद्राच्या पाण्याला तो साधारण १.०२५ दाखवतो, इथे १.०३२! वैशाखातले रायपूर ते. कूलरच्या वाऱ्याने टाकीतले पाणी उडायचे आणि आजोबा मोठ्या निष्ठेने मिठाच्या पाण्यानेच ती भरायचे.

"इश्श, आमच्या उरणच्या मिठागरात हेच तर होतं," आजी म्हणाल्या, "पाणी उडतं, मीठ राहतं."

समुद्रातला मासा पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. खारटपणा वाढला की त्यातच त्याची शक्ती जाते. पण एकदम गोडे पाणी ओतले तरी त्याला धक्काच. म्हणून फिल्टरचे पाणी रोज थोडे थोडे, असे पाच दिवस चालले. मधल्या काळात आजोबांनी बाटलीत आर्टेमियाची अंडी उबवली.

सहाव्या सकाळी ती वळवळणारी पिल्ले टाकीत सोडली. मासा पुढे आला, थबकला.

"गिळलं!" नात ओरडली, आणि तिने पोहे मागितले.