सोळाव्या वर्षाचा स्वतःचा आवाज

नाझिया हसनचा 'डिस्को दीवाने' हा अल्बम १९८१ साली आला, तेव्हा ती जेमतेम सोळा वर्षांची होती. आदल्याच वर्षी 'कुर्बानी'तल्या एका गाण्याने तिचं नाव घरोघरी पोचलं होतं. या अल्बमचा विषय निघाला की बहुतेक दोनच गोष्टी सांगितल्या जातात: त्याने डिस्कोचं वेड पसरवलं आणि चित्रपटाबाहेरच्या पॉप गाण्यांना बाजार मिळवून दिला. दोन्ही खऱ्या आहेत. पण चाळीसहून अधिक वर्षांनी तो अल्बम सलग ऐकताना मला त्या दुय्यम वाटतात. माझ्या मते त्याचं खरं मोल त्यातल्या आवाजाच्या वयात आहे. वयात येणाऱ्या मुलीच्या मनातलं गाणं त्याच वयाच्या मुलीने स्वतःच्या नावावर, थोरपणाचा आव न आणता गायचं, हे आपल्या लोकप्रिय संगीतात त्याआधी इतक्या ठळकपणे घडलं नव्हतं. डिस्कोचा ताल आज जुना झाला आहे, यंत्रांचे नाद जुने झाले आहेत. तो आवाज जुना झालेला नाही.

याआधी ते का घडलं नव्हतं, याचं उत्तर हिंदी चित्रपटांत सापडतं. १९७३च्या 'बॉबी'साठी राज कपूर यांनी ऋषी कपूरला साजेसा नवा, कोवळा आवाज शोधला आणि शैलेंद्र सिंग पुढे आले. डिंपल कापडिया तेव्हा सोळा वर्षांची होती. तिच्यासाठी असा शोध झाला नाही, तिच्या तोंडी लता मंगेशकरांचा आवाज आला आणि लताबाई तेव्हा चव्वेचाळिशीला टेकल्या होत्या. १९८१च्या 'लव्ह स्टोरी'त नव्या कुमार गौरवला अमित कुमार मिळाले, नव्या विजेता पंडितला लताबाई. १९८२च्या 'प्रेमरोग'मध्ये नायकासाठी सुरेश वाडकर आले आणि पद्मिनी कोल्हापुरेसाठी पुन्हा लताबाईच, वय वर्षं बावन्न. पद्मिनीचा जन्म १९६५चा, म्हणजे ती नाझियाच्याच वर्षाची. मुलगा नवा असला की त्याला नवा आवाज हवा, हे निर्मात्यांना कळत होतं. मुलीच्या बाबतीत तो प्रश्नच कुणाला पडत नव्हता. लताबाईंच्या गाण्यात तसूभर उणीव होती म्हणून मी हे म्हणत नाही. उलट त्यांच्या आवाजातलं कोवळेपण इतकं परिपूर्ण होतं की खऱ्या कोवळ्या मुलीची गरजच संपली. आणि त्यांचीही सुरुवात आठवावी. १९४९च्या 'महल'च्या वेळी त्या एकोणीस-वीस वर्षांच्या होत्या आणि पडद्यावरची मधुबाला सोळा वर्षांची. तेव्हा चेहरा आणि आवाज एकाच पिढीचे होते. पुढे चेहरे बदलत गेले आणि आवाज तोच राहिला. तीस वर्षांत श्रोत्यांचा कान असा घडला की सोळा वर्षांची मुलगी म्हणजे लताबाईंचा स्वर, हे समीकरण कुणाला खटकेनासं झालं.

आपल्या मराठीत ही पोकळी आणखी स्पष्ट दिसते. बालगीतांत आपण खऱ्या मुलांचे आवाज ऐकले आहेत. मीना खडीकरांनी योगेश आणि रचना या आपल्या मुलांकडून गाऊन घेतलेली गाणी अजून शाळांच्या स्नेहसंमेलनांत वाजतात. त्यांत मुलांचा निरागस, किंचित कच्चा स्वर तसाच ठेवला आहे आणि गोडी त्यातच आहे. पण बालगीत संपलं की थेट भावगीत सुरू होतं, आणि भावगीतातली व्यक्ती प्रौढ असते. तिची आठवण, तिचा विरह, तिचं चांदणं सगळं जाणत्या वयाचं. मधल्या पाच-सात वर्षांना कुणी आवाजच दिला नाही. सोळाव्या वर्षावर लिहिलं गेलं, नाही असं नाही. ते वर्ष धोक्याचं ठरवणारी, 'सवाल माझा ऐका'मधली १९६४ची लावणी सुलोचना चव्हाणांनी अजरामर केली. पण ते त्या वयाबद्दल मोठ्यांनी, मोठ्यांच्या नजरेने म्हटलेलं गाणं. त्या वयाची मुलगी त्यात विषय आहे, बोलणारी नाही. भावगीताची परंपरा चित्रपटाबाहेरची होती, तशीच गझलचीही होती. 'डिस्को दीवाने' हे चित्रपटाबाहेरचं पहिलं यशस्वी गाणं नव्हे, हे म्हणूनच मान्य करायला हवं. त्याचं वेगळेपण चित्रपट नसण्यात नाही, गाणारीच्या वयात आहे.

इथे 'कुर्बानी'चा विचार करावा लागतो, कारण अल्बमचं यश म्हणजे त्या एका गाण्याचीच पुण्याई, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला त्या दोहोंत मोठा फरक दिसतो. फिरोज खान यांच्या या चित्रपटाची बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजींची होती. हे एकच गाणं लंडनमध्ये काम करणाऱ्या बिद्दू यांनी केलं. पंधरा वर्षांच्या नाझियाचा स्वर पडद्यावर आला तो झीनत अमान यांच्या तोंडी, आणि त्या तेव्हा तिशीच्या जवळ होत्या. म्हणजे कोवळा आवाज एका प्रौढ स्त्रीच्या मोहकतेसाठी वापरला गेला. हा एकटाच दाखला नाही. १९८१च्या 'लावारिस'मध्ये पंधरा वर्षांच्या अलका याज्ञिकचा आवाज राखी यांच्यासाठी होता, आणि राखी त्या वेळी तिशी ओलांडलेल्या. आवाजाच्या वयाशी चित्रपटाला देणंघेणं नव्हतं. वयस्क स्वर मुलीला, मुलीचा स्वर वयस्क स्त्रीला, दोन्ही चालत होतं. अल्बमने ही अदलाबदल थांबवली. त्यात पडद्यावर कुणीच नाही. जिचा आवाज तिचंच गाणं, आणि सोबतीला तिचा धाकटा भाऊ झोहेब. 'कुर्बानी'ने नाझियाला प्रसिद्धी दिली. तिचा आवाज तिचा तिला परत मिळाला तो अल्बममध्ये, म्हणून मला अल्बम अधिक महत्त्वाचा वाटतो.

तो आवाज आहे तरी कसा? शीर्षकगीत नीट ऐकावं. ठेका सरळ आहे, प्रत्येक मात्रेवर बेस ड्रमचा ठोका आणि वर तंतुवाद्यांचा भराव. या सगळ्या गजबजाटात नाझिया आवाज चढवत नाही. ती खालच्या-मधल्या पट्टीत राहते, जवळजवळ बोलण्याच्या उंचीवर. मुरकी नाही, हरकत नाही, स्वर लांबवून त्याला कंप देण्याची धडपड नाही. ओळ संपली की ती तो स्वर सोडून देते. शास्त्रीय तालमीचा गळा तिथे हमखास काहीतरी नक्षी काढेल. मायक्रोफोन ओठांशी असल्यासारखा श्वास ऐकू येतो. मध्येच तोच आवाज आवाजावर चढवलेला आहे, त्यामुळे एकच मुलगी स्वतःच्या सोबतीला उभी आहे असं वाटतं. संथ गाण्यांत हे जास्त जाणवतं. 'आओ ना'सारख्या गाण्यात आर्जव आहे, पण लाडिकपणा नाही. चित्रपटातली सोळा वर्षांची नायिका लाजते, रुसते, मुरडते, कारण पाहणाऱ्याला ते हवं असतं. इथे लाजणं नाही. थोडा संकोच आहे, थोडी बेफिकिरी, आणि त्या वयात असतो तसा उगीचच एक अलिप्तपणा. हे अभिनयाने आणता येत नाही. लताबाई किंवा आशाबाईंना ही गाणी दिली असती तर ती कितीतरी अधिक सुरेल आणि रेखीव झाली असती, आणि त्यांतली ही एक गोष्ट निघून गेली असती.

यावर पहिला आक्षेप असा की हे सारं बिद्दू यांचं कसब, मुलगी निमित्तमात्र. बिद्दू मूळचे बंगळूरचे. साठच्या दशकात ते इंग्लंडला गेले आणि १९७४ साली कार्ल डग्लस यांच्या 'कुंग फू फायटिंग'चे निर्माते म्हणून जगभर गाजले. कसब त्यांचं होतंच. त्या काळी मुंबईत चित्रपटगीताचं ध्वनिमुद्रण म्हणजे ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या ठिकाणी भरगच्च वाद्यवृंद आणि गायक, बहुतेक वेळा एकाच वेळी, एका दमात. तिथे टिकायला बुलंद, तयार, न चुकणारा गळाच लागे. लंडनमध्ये प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेतलं जाई, आवाज वेगळा, पुन्हा पुन्हा घेता येण्यासारखा. लहान, हलक्या आवाजाला जागा मिळते ती अशा पद्धतीत. म्हणजे तंत्राने आवाज घडवला असं म्हणण्यापेक्षा, या आवाजाला आजवर नाकारलेली जागा तंत्राने मोकळी केली असं म्हणणं मला योग्य वाटतं. शिवाय बिद्दूंच्या हाताखालून दुसरेही आवाज गेले आणि त्यांची गाणी अशी वाजली नाहीत. टीना चार्ल्स यांचं १९७६चं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. तोही डिस्कोच, पण तिथला आवाज खणखणीत आणि उत्सवी आहे. निर्माता तोच, रीत तीच, मग फरक पडला तो गाणाऱ्या व्यक्तीनेच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नाझियाच्या गळ्याला मर्यादा होत्या, सूर कधी कधी पातळ लागतो, आणि गीतांचे शब्द साधे, कुठे कुठे तर पोरकट आहेत. हे मला मान्य आहे. अल्बममधली दोन-तीन गाणी आज ऐकवत नाहीत, हेही मी मोकळेपणाने म्हणते. चालींत तोचतोचपणा आहे आणि मधले वाद्यांचे तुकडे लांबले आहेत. पण शब्दांच्या साधेपणाकडे मी दोष म्हणून पाहत नाही. हिंदी चित्रपटगीताचे शब्द साहिर, मजरूह, आनंद बक्षी अशा मुरलेल्या कवींचे. प्रेमाची सगळी उपमासृष्टी त्यांच्यामागे उभी असे. त्या वयातलं बोलणं उपमांनी भरलेलं नसतं. ते तुटक असतं, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणणारं असतं. त्या शब्दांवर कवितेचे निकष लावणाऱ्यांनी तेच निकष आपण प्रेमाने ऐकतो त्या बालगीतांना लावून पाहावेत. तिथे आपण वयाची सूट देतो, कारण ते वय आपल्याला मान्य आहे. सोळाव्या वर्षाला ती सूट द्यायला आपण तयार नव्हतो, कारण त्या वयाची मुलगी आपल्या लेखी एक तर लहान होती, नाही तर लग्नाची.

फिल्मफेअरचा मुद्दाही हटकून निघतो. 'कुर्बानी'तल्या गाण्याला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा पुरस्कार मिळाला. तोवर लताबाई आणि त्यांच्यामागून आशाबाई या दोघींनी स्पर्धेतून आपली नावं काढून घेतली होती, म्हणून मैदान मोकळं होतं, असं म्हटलं जातं. ते खरंही आहे. पण मैदान मोकळं झाल्याशिवाय कुणाला आत येता येत नव्हतं, ही गोष्ट माझ्या म्हणण्याला बळच देते.

आणि डिस्को? पाश्चात्त्य देशांत १९७९ सालीच त्याच्याविरुद्ध लाट उठली होती. शिकागोच्या बेसबॉल मैदानावर जुलैमध्ये डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला गेला. त्यामुळे १९८१चा हा अल्बम म्हणजे उतरत्या फॅशनची उसनवारी, असा शेरा मारता येतो. मला तो उथळ वाटतो. उसनवारी तर आपल्या संगीतकारांनी वॉल्ट्झपासून रॉक अँड रोलपर्यंत सगळ्यांचीच केली, आणि उत्तम केली. प्रश्न इतकाच की उसनं घेऊन त्यात काय भरलं. पुढच्याच वर्षी 'डिस्को डान्सर' आला आणि झगमगता डिस्को पुन्हा पडद्यावरच्या नायकाच्या पराक्रमाचा भाग झाला. नाझियाच्या अल्बममध्ये पराक्रम नाही, कुणी जिंकत नाही. नाचावंसं वाटतं म्हणून नाच आहे, एवढंच.

नाझिया कराचीची, वाढली ती कराची आणि लंडनमध्ये, गाजली मुंबईच्या चित्रपटातून, आणि भारतात तिचा अल्बम एचएमव्हीने काढला. पाकिस्तानात जनरल झिया-उल-हक यांची राजवट होती. मुलींनी मोकळेपणाने नाचणं-गाणं त्या राजवटीच्या धोरणात बसणारं नव्हतं. तिथल्याही चित्रपटांत नूरजहाँ वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी तरुण नायिकांसाठी गात होत्या. म्हणजे आपल्याकडची रीत सीमेपलीकडेही तशीच होती, आणि म्हणूनच दोन्ही देशांतल्या मुलींना हा आवाज आपला वाटला. नाझियाने पुढे आणखी चार अल्बम केले, शेवटचा १९९२ साली. दरम्यान तिने लंडनमध्ये कायद्याचं शिक्षण घेतलं आणि संयुक्त राष्ट्रसंघात काम केलं. १३ ऑगस्ट २००० रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने ती गेली, तेव्हा ती पस्तीस वर्षांची होती. तिच्या अकाली जाण्याने अल्बमला हळवेपणाचं वलय आलं आहे. माझं म्हणणं त्या वलयावर उभं नाही. ती आज साठीच्या घरात असती तरी मी हेच लिहिलं असतं.

राहिला वारशाचा प्रश्न. एका अल्बमने परंपरा होत नाही, असं कुणी म्हटलं तर मला गप्प बसावं लागेल. नव्वदच्या दशकात इंडीपॉप आलं. त्यातला सर्वांत गाजलेला 'मेड इन इंडिया' १९९५चा, संगीत पुन्हा बिद्दूंचंच, पण अलिशा चिनॉय तोवर तिशीत पोचल्या होत्या. सोळाव्या वर्षाच्या मुलीला नवा मंच मिळाला नाही, टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांत तर तिला मोठ्यांसारखं गाऊन दाखवावं लागलं आणि त्याचंच कौतुक झालं. तरीही २०१२ साली 'स्टुडंट ऑफ द इयर' या शाळकरी मुलामुलींच्या चित्रपटासाठी विशाल-शेखर यांनी 'डिस्को दीवाने' नव्याने बांधलं, तेव्हा सुनिधी चौहान आणि बेनी दयाल यांच्यासारखे कसलेले गळे हाताशी असतानाही त्यांनी नाझियाचा मूळ आवाज गाण्यात ठेवला. एकतीस वर्षांपूर्वीचं ते ध्वनिमुद्रण पडद्यावरच्या शाळकरी मुलांना विनासायास शोभलं.